हेड कोच व्हायचंय? मग जूनची तयारी ठेवा

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की कॉलेजच्या बास्केटबॉल कोचचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, कारण जूनमध्ये त्याची अर्धी टीम पदवी घेऊन निघून गेलेली असते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना विचारायचं होतं ते एकच: मुंबईत राहून, घर चालवून, हे करिअर म्हणून करता येतं का? त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

"वय २७. कॉलेजकडून तीन वर्षं आणि विद्यापीठाकडून एक वर्ष खेळलो. आता ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. शनिवार-रविवार जुन्या कॉलेजच्या मुलांना शिकवायला जातो आणि सोमवारी ऑफिसात मन लागत नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ कोच होऊ का? आई-बाबा दोघांचाही विरोध आहे."
— अभियंता, ठाणे

कोच व्हा. राजीनामा मात्र इतक्यात देऊ नका.

आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत 'हेड कोच' अशी वेगळी जागाच नसते. असतात ती दोन प्रकारची माणसं. एक क्रीडा संचालक. ही कायम जागा, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीतली. त्यासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी लागते, त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, खेळल्याची प्रमाणपत्रं आणि शारीरिक क्षमता चाचणी. पुरुषांसाठी तीत १२ मिनिटांची धाव असते. या माणसाकडे कॅरमपासून कबड्डीपर्यंत सगळे खेळ असतात. बास्केटबॉल त्याचा स्वतःचा खेळ असेल तर टीम तोच घेतो. दुसरा, मानधनावरचा कोच. तो हंगामापुरता येतो, पहाटे शिकवतो आणि दिवसभर दुसरीकडे कमावतो: शाळेत, क्लबात, सोसायटीच्या कोर्टवर लहान मुलांच्या बॅचेस घेऊन. मुंबईतले कितीतरी उत्तम कोच या दुसऱ्या प्रकारातले आहेत, आणि नुसत्या मानधनात ठाण्यात घरभाडं निघत नाही. आई-बाबांचा विरोध खेळाला नसेल, या हिशेबाला असेल. तो हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा, मग बोला.

अभियंते असलात म्हणून दार बंद नाही. खेळाची प्रमाणपत्रं असतील तर कुठल्याही शाखेच्या पदवीधराला बीपीएडला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, प्रवेश घेता येतो. दोन वर्षं ते, दोन वर्षं एमपीएड ही पदव्युत्तर पदवी, मग सेट. शिवाय अनुदानित जागा निघेपर्यंत थांबावं लागतं ते वेगळंच. प्रत्यक्ष शिकवण्याचं शिक्षण हवं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, जिला आपण सगळे एनआयएस म्हणतो, १९६१ पासून कोच घडवते आहे. तिचा डिप्लोमा एक वर्षाचा आणि सर्टिफिकेट कोर्स सहा आठवड्यांचा. तुम्ही आधी सहा आठवड्यांचा करा. बिनपगारी रजा टाकावी लागली तरी टाका. आपल्याला शिकवायला आवडतं की खेळणं सुटल्याची हुरहुर लागली आहे, हे त्या सहा आठवड्यांत बऱ्यापैकी कळतं.

तुमचं पत्र वाचून मला ब्रॅड स्टीव्हन्स आठवले. इंडियानापोलिसला इलाय लिली या औषध कंपनीत ते चांगल्या नोकरीत होते. २००० साली ती सोडून बटलर विद्यापीठाच्या टीमबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करायला गेले. २००७ मध्ये तिथेच हेड कोच झाले, २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं त्या लहानशा विद्यापीठाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेलं (दोन्ही हरले), आणि २०१३ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सचे कोच झाले. ही गोष्ट तरुणांना फार आवडते. मला तिच्यातली आवडते ती मधली सात वर्षं. सात वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या हाताखाली पडेल ते काम करत होता.

म्हणून माझा सल्ला: तुमच्या जुन्या कॉलेजच्या कोचना सांगा, की जूनच्या ट्रायलपासून शेवटच्या सामन्यापर्यंत एक अख्खा हंगाम मी तुमचा सहायक. कंपनीत सकाळऐवजी दुपारची पाळी मिळते का बघा. शनिवार-रविवारी जे दिसतं ते या कामाचं सगळ्यात गोड अंग आहे. बाकीचं आठवडाभर चालतं. साडेसहाच्या प्रॅक्टिसला बदलापूरची मुलगी पोचते, म्हणजे ती किती वाजता उठली असेल याचा विचार करायचा, आणि ती अर्धा तास उशिरा आली तर तिला वेगळं काय द्यायचं ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचं. सामना आणि इंटर्नल परीक्षा एकाच दिवशी आली की विभागप्रमुखांना पत्र लिहायचं, आणि पत्र देऊन भागत नाही म्हणून स्टाफरूममध्ये जाऊन बसायचं. कुणाला एटीकेटी लागली आहे, कुणाचा एलिजिबिलिटी फॉर्म अडला आहे, कुणाचं आधीच्या कॉलेजचं स्थलांतर प्रमाणपत्र आलेलं नाही, हे तोंडपाठ हवं. वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला बाहेरगावी जायचं म्हटलं की भांडुपच्या चाळीत जाऊन एखाद्या वडिलांसमोर चहा घेत समजावायचं, की मुली कुठे उतरतील, बरोबर कोण बाई असतील, परतीची गाडी किती वाजता पोचेल. मी हे वर्षानुवर्षं केलं आहे आणि माझ्या मते कोचिंग ते हेच. टाइमआऊटमध्ये बोर्डावर काढायची प्ले, म्हणजे आखलेली चाल, त्या मानाने लवकर शिकता येते.

आणि एखाद्या संध्याकाळी नागपाड्याला जा. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले भारताच्या बास्केटबॉल संघाचे माजी कर्णधार अब्बास मुंतसिर त्या वस्तीतून आले. तिथल्या कोर्टवर जुने खेळाडू पोरांना फटकारत, हात धरून शिकवतात. कडेला उभं राहून नुसतं ऐका. एकच चूक दहा जणांना दहा वेगळ्या शब्दांत कशी सांगायची, हे मी तिथे शिकले.

"२०१९ साली वरळीला एनबीएचे सामने झाले, तेव्हा शाळेतर्फे पहिला सामना बघायला गेलो होतो. तेव्हापासून अमेरिकन बास्केटबॉल फॉलो करतो. तिथल्या कॉलेज कोचना कोट्यवधी मिळतात आणि आमच्या सरांना टॅक्सीचे पैसेसुद्धा नाहीत. असं का?"
— एसवायबीकॉमचा विद्यार्थी, विलेपार्ले

तू बघितलास तो ४ ऑक्टोबरचा सामना. इंडियाना पेसर्सनी सॅक्रमेंटो किंग्जना ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असं हरवलं होतं. पहिला सामना असा बघायला मिळाला, नशीबवान आहेस.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ टीव्हीवर विकला जातो. मार्चमध्ये ६८ संघांची जी राष्ट्रीय स्पर्धा होते, तिचे हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना गेले. पैसा तिथून येतो. काही नामवंत कोचचे करार वर्षाला ८० लाख डॉलरच्या पुढे आहेत, आणि कित्येक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच असतो. पण दोन हंगाम वाईट गेले की त्याच कोचला घरी पाठवतात. २०१८ पासून तिथे ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू बघणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं, त्यामुळे चांगली मुलं वर्षभरातच दुसऱ्या विद्यापीठात जातात. आपला जून त्यांच्याकडे एप्रिलमध्येच येतो, आणि अर्धीच काय, कधी कधी सगळी टीम घेऊन जातो.

हे झालं वरचं टोक. त्याखाली शेकडो लहान कॉलेजं आहेत. डिव्हिजन थ्री या तिसऱ्या गटात तर खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत, आणि कोच शिकवण्याबरोबर इतर कामंही सांभाळतात. स्कॉट फ्लेमिंग हे ओहायोतल्या अशाच एका लहान विद्यापीठाचे कोच होते. पुढे ते भारताच्या पुरुष संघाचे कोच झाले, आणि २०१४ मध्ये वूहानला आशिया कपमध्ये भारताने चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ असं हरवलं. मी तो निकाल वाचला तेव्हा दोन-तीनदा वाचला. तेव्हा टीव्हीच्या पैशावरून कोचची लायकी ठरवू नकोस.

राहिले तुझ्या सरांच्या टॅक्सीचे पैसे. तुम्ही सगळे फीबरोबर जिमखाना फी भरता. बजेटची बैठक व्हायच्या आधी विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत लेखी मागणी द्या: कोचचा प्रवासखर्च आणि सामन्याच्या दिवशीचं खाणं. रक्कम लहान असते आणि मुलांनी मागितली की नाही म्हणणं अवघड जातं. सर स्वतः मागणार नाहीत. तुम्ही मागा.

"मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. रोज पाच वाजता उठून प्रॅक्टिसला जाते, पण सामन्यात दोन-तीन मिनिटंच उतरवतात. परवा घरी येऊन रडली. मी कोचना जाऊन भेटू का?"
— एक आई, मुलुंड

ताई, मिनिटांसाठी तुम्ही भेटू नका. तिला भेटू दे.

आधी कोचला नेमकं काय वाटून द्यायचं असतं ते सांगते. सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर पाच जणी, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. जर्सी बारा जणींच्या अंगावर. सारखी वाटली तरी प्रत्येकीला सोळा-सतराच येतात, आणि सारखी वाटून सामने जिंकता येत नाहीत. एकीला तीस दिली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीतली असतात, आणि ती कुणाची हे कोचला रात्री पडल्यावर बरोबर आठवतं.

मुलीला सांगा, सामन्यानंतर नाही, प्रॅक्टिस संपल्यावर विचार: "मला जास्त वेळ खेळायला मिळावं म्हणून मी काय सुधारू?" एवढंच. चांगला कोच याला नेमकं उत्तर देतो. डाव्या हाताचा ले-अप बसत नाही. बॉल गेल्यावर तू मागे धावत नाहीस, चालतेस. झोन डिफेन्समध्ये बोलत नाहीस. यातलं एक काहीतरी तो सांगेल आणि तिला महिनाभराचं काम मिळेल. "बघू" एवढंच म्हणून जो कोच उठून जातो, तो आपलं काम करत नाही, हेही मी स्पष्ट सांगते. मी हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकीला वेगळं बसवून तिची जागा सांगते, मग ती ऐकायला कडू का असेना. कारण दुसऱ्या वर्षाला बेंचवर असलेली मुलगीच पुढच्या जूनमध्ये माझी टीम असते. तिला मी नऊ महिने हिशेबातच धरली नाही, तर जूनमध्ये माझ्याकडे उरतं कोण?

काही गोष्टींसाठी मात्र तुम्ही स्वतः जायचं आणि मुलीच्या परवानगीचीही वाट बघायची नाही. तिच्या वजनावरून, रंगावरून, अंगावरून कुणी बोलत असेल; दुखापत असताना खेळवत असतील; बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर कुणी जबाबदार बाई नसेल. तेव्हा आधी कोच आणि त्याच दिवशी प्राचार्य.

"मी २४ वर्षांची, बीपीएड झालेली. कॉलेजने मुलांची टीम माझ्याकडे दिली आहे. मुलं माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच लहान, दोघं सहा फुटांच्या वर. पहिल्याच दिवशी एकाने सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, तुम्ही डंक (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) करता का? त्यांच्यावर वचक कसा बसवू?"
— नवी कोच, कल्याण

अगं, वचक राहू दे. आधी तयारी.

पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या टीमची हेड कोच झाली तेव्हा २२ वर्षांची होती. तिच्या काही खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. टीमचे कपडे ती स्वतः धुवायची आणि व्हॅन स्वतः चालवायची. दोन वर्षांनी ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळवलं, १९८४ मध्ये कोच म्हणून सुवर्ण. ३८ हंगामांत १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट: तिच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्या नजरेला सगळे घाबरायचे असं म्हणतात. पण नजरेच्या मागे तयारी नसेल तर मुलांना ती पहिल्या आठवड्यात कळते.

मुलांच्या टीमला बाई हेड कोच ही गोष्ट अमेरिकेतही क्वचितच दिसते, त्यामुळे तुला वाटणारं ओझं खरं आहे. उद्यापासून असं कर. प्रॅक्टिसचा मिनिटा-मिनिटाचा आराखडा कागदावर लिहून खिशात ठेव. पहिली दहा मिनिटं अशी आखलेली असू देत की कुणाला उभं राहायला सवड मिळणार नाही. पुरुष कोचसारखा आवाज चढवायला जाऊ नकोस, शिट्टी आहे ना. जो डंकबद्दल बोलला त्याला चारचौघांत खाली पाडू नकोस. त्याचे फ्री थ्रो मोज, आठवडाभर मोज, आणि कागद त्याच्या हातात दे: इतके मारले, इतके गेले, कोपर इथे बाहेर जातं. आपल्याकडे इतक्या बारकाईने कुणी बघतंय हे कळलं की या वयाची मुलं जीव टाकतात. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये क्रीडा संचालकांना घे आणि रात्रीचे मेसेज सकाळीच वाच. आणि हो, डंकच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' हेच. पुढच्या ड्रिलला लागायचं.

"पाच हंगाम एकाच कॉलेजची टीम घेतो आहे. दोनदा सेमीफायनल, चषक एकही नाही. जिमखाना कमिटीला आता नवा कोच हवा आहे. मी स्वतःहून सोडू का?"
— मानधनावरचा कोच, दादर

हे पत्र मी बराच वेळ जवळ ठेवून होते. चषक नाही म्हणून सोडू नका.

बास्केटबॉल शोधणारे जेम्स नेस्मिथ हेच कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच. १८९८ ते १९०७. जिंकले ५५, हरले ६०. त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच कोच आहेत. पण त्यांच्याकडे खेळलेले फॉग ॲलन पुढे त्याच कॅन्ससचे ३९ हंगाम कोच होते. ॲलन यांच्याकडे खेळलेले डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला गेले, ८७९ सामने जिंकले आणि मायकल जॉर्डन त्यांच्या हाताखालून गेला. हेच डीन स्मिथ १९६५ मध्ये एक सामना हरून आले, तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा करून फासावर टांगला होता. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्यांना १९८२ मध्ये मिळालं. माइक शशेव्स्की, म्हणजे 'कोच के', ड्यूकला आले १९८० मध्ये; पहिल्या तीन हंगामांत ३८ विजय, ४७ पराभव. माजी विद्यार्थी त्यांना काढा म्हणत होते. विद्यापीठाने ठेवलं. पाच विजेतेपदं आली, त्यातलं पहिलं अकराव्या हंगामात.

या लोकांना खेळाडू निवडून, शिष्यवृत्ती देऊन आणता येत होते. तुमच्याकडे प्रवेशाच्या यादीतून जे येतात ते येतात. आपल्याकडे एक बॅच तीन वर्षांची. पाच हंगामांत एफवायपासून टीवायपर्यंत तुमच्या हाताखाली पूर्ण झालेल्या बॅचेस दोन-तीनच. ज्या मुलांना तुम्ही एफवायला हातात बॉल दिला, त्यांच्या पहिल्या फळ्या आत्ताच कुठे पदवी घेऊन बाहेर पडल्या आहेत. कमिटीने एवढ्यावर निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते त्यांना तोंडावर सांगायला हवं.

नुसतं तोंडी मात्र नको. एक पान लिहून न्या. एफवायला किती आले आणि टीवायपर्यंत किती टिकले. किती जण विद्यापीठाच्या संघात गेले. पदवी किती जणांची झाली. पाच टक्के क्रीडा आरक्षणातून किंवा रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यातून कुणाला नोकरी लागली. माझ्या टीममधली कुर्ल्याच्या टॅक्सीवाल्याची मुलगी आज रेल्वेत आहे. तिच्या वेळी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो होतो. तो हंगाम वाया गेला असं मला कुणी म्हणून दाखवावं.

मग एक प्रश्न स्वतःला, एकट्याने: दरवर्षी शेवटच्या सामन्याची टीम पहिल्या सामन्याच्या टीमपेक्षा चांगली खेळते का? उत्तर हो असेल तर भांडा. दोन-तीन वर्षं ते 'नाही' येत असेल, तर हंगाम पूर्ण करा, तुमची वही नव्या कोचच्या हातात द्या आणि शाळेची टीम घ्या. लहान मुलांना चांगले कोच मिळणं ही आपली मोठी गरज आहे. तिथे घडलेली मुलंच उद्या कॉलेजांत येणार आहेत.

"आमचं कोर्ट सिमेंटचं आणि उघडं. जुलैत पाणी साचतं, हॉल मिळत नाही. पावसाळ्यात टीम काय करणार?"
— टीवायचा कॅप्टन, चेंबूर

जॉन वुडन कोच म्हणून यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९४८ मध्ये आले तेव्हा त्यांच्या टीमला जिम्नॅस्ट आणि कुस्तीगीर यांच्याबरोबर एकाच हॉलमध्ये सराव करावा लागायचा. सरावाआधी ते स्वतः फरशी पुसायचे. तिथेच त्यांनी १९६४ चं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी टीम घडवली. ते धरून १९७५ पर्यंत बारा वर्षांत दहा.

तुम्हाला पोर्च किंवा जिन्याखालची मोकळी जागा मिळाली तरी पुरे. फूटवर्क, पिव्हट, डिफेन्सची चाल, दोरीउड्या, जागेवरचं ड्रिब्लिंग. भिंत असेल तर पासिंग. आठवड्यातून एकदा रिकाम्या वर्गात प्रोजेक्टर लावून आपलेच जुने सामने बघा आणि नियमांचं पुस्तक वाचा. निम्म्या मुलांना बॅककोर्टचा नियम (बॉल मधल्या रेषेपुढे नेला की परत मागे आणायचा नाही) नीट ठाऊक नसतो. ओल्या सिमेंटवर पळू नका, गुडघा जाईल.

वुडन पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे चढवायचे ते शिकवायचे, टाचेशी आणि बोटांशी एकही चुणी राहू न देता, म्हणजे फोड येत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात याचं महत्त्व दुप्पट. ओल्या मोज्यात आलेला एक फोड तुझ्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्याला, आठवडाभर बाहेर बसवतो. प्रत्येकाच्या बॅगेत कोरड्या मोज्यांचा जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा, आणि तो आहे की नाही हे कॅप्टन म्हणून तू रोज तपास.